६० लिटरच्या चेंबरचं प्रेशर ३ × १०^-६ वर अडकलंय: हेलियम लीक डिटेक्टर नेमका कुठे जोडायचा?

अणुरेणू

थर्मल इव्हॅपरेशनचं (धातू तापवून त्याच्या वाफेचा पातळ थर बसवण्याचं) स्टेनलेस स्टीलचं चेंबर आहे, आकारमान साधारण ६० लिटर. गेट व्हॉल्व्हवर ३०० लिटर प्रति सेकंदाचा टर्बो (टर्बोमॉलेक्युलर पंप), त्यामागे दोन टप्प्यांचा तेलाचा रोटरी पंप. रात्रभर चालवल्यावर ४ × १०^-७ मिलिबार मिळायचं. हाय करंट फीडथ्रू (वीज चेंबरच्या आत नेणारा हवाबंद जोड) बदलायला चेंबर उघडलं, तेव्हापासून ३ × १०^-६ च्या खाली जात नाही. फीडथ्रूच्या सीएफ४० फ्लँजला नवं तांब्याचं गॅस्केट आहे. दरवाजाची व्हायटन ओ-रिंग पुसून परत बसवली आहे.

विभागात हेलियम लीक डिटेक्टर आहे. तो चेंबरच्या मोकळ्या केएफ२५ (क्लँपनं जोडायच्या) पोर्टला दीड मीटरच्या बेलोज नळीनं जोडला. गेट व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर सिग्नल जेमतेम हलतो. बंद केला तर कुठेही हेलियम मारला तरी बऱ्याच वेळानं चढतो आणि उतरायला त्याहून वेळ लावतो. तोवर पुढच्या दोन जोडांवर मारून झालेलं असतं, त्यामुळे कोणता जोड दोषी ते कळत नाही.

डिटेक्टर जोडायची योग्य जागा कोणती? हेलियम किती आणि कसा मारावा? आणि मुळात हा लीकच आहे, की चेंबर नुसतं ओलं आहे, हे आधी कसं ठरवायचं?

गळतीशोधक

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण लीक नसेल तर हेलियमचा सिलिंडर उगाच रिकामा होईल.

पेनिंग किंवा आयन गेज बंद करा. तो स्वतःच थोडा वायू ओढतो आणि थोडा सोडतो, त्यामुळे या चाचणीत त्याचा आकडा फसवा असतो. गेट व्हॉल्व्ह बंद करून पिरानी (त्याहून जास्त प्रेशर मोजणारा गेज) वाचत राहा. तुमचा टर्बो ३०० चा असला तरी गेट व्हॉल्व्ह आणि अ‍ॅडॉप्टर धरून चेंबरला प्रत्यक्षात १५० ते २०० मिळत असणार. २०० धरलं तर ३ × १०^-६ गुणिले २०० म्हणजे ६ × १०^-४ मिलिबार-लिटर प्रति सेकंद एवढा वायू चेंबरमध्ये येतोय (लीकचे पुढचे आकडे याच एककात). याला ६० लिटरनं भागलं की प्रेशर दर सेकंदाला १०^-५ मिलिबारनं वाढायला हवं. म्हणजे पावणेदोन मिनिटांत १०^-३ ओलांडेल आणि पिरानी कामाचं काही दाखवायला लागेल. पुढे तासभर दर पाच मिनिटांनी आकडा लिहा आणि साध्या आलेखावर मांडा. रेघ सरळ राहिली तर बाहेरून हवा येतेय. सुरुवातीला उभी चढून मग आडवी पडत गेली तर भिंतींवरचं पाणी सुटतंय; ते ठरावीक प्रेशरला पोचलं की जेवढं सुटतं तेवढंच परत चिकटतं. दोन्ही एकत्र असतील तर आधी वाकलेली आणि नंतर सरळ, पण चढतीच रेघ दिसेल. त्या नंतरच्या सरळ भागाचा उतार म्हणजे तुमचा लीक.

आरजीए (चेंबरमधले वायू वस्तुमानानुसार वेगळे दाखवणारं यंत्र) असेल तर हेच दोन मिनिटांत कळतं. वस्तुमान १८ सगळ्यात उंच असेल तर पाणी. २८ सगळ्यात उंच, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं ३२, सोबत १४ आणि चिमूटभर ४० असेल तर हवा. फक्त ३२ कमी दिसलं म्हणून हवा नाही असं ठरवू नका, तापलेला फिलामेंट ऑक्सिजन खातो. अशा वेळी १४ आणि ४० बघा. कार्बन मोनॉक्साइडचंही वस्तुमान २८ च आहे, पण त्याच्यासोबत १२ येतं. १४ आणि ४० हवेसोबत येतात.

पावसाळ्यात मुंबईकडे किंवा कोकणात चेंबर साध्या हवेनं व्हेंट केलं (हवा आत सोडून वातावरणाच्या प्रेशरला आणलं) आणि दरवाजा तासभर उघडा राहिला, तर पुढचे दोन दिवस पाणीच बोलत राहतं. व्हेंट कोरड्या नायट्रोजननं करा आणि काम होईपर्यंत त्याचा हलका प्रवाह चालू ठेवा. पण पाण्यानं वाढलेलं प्रेशर तासागणिक उतरत राहतं. तुमचं एका जागी थांबलंय, म्हणून मला लीकचाच संशय जास्त आहे.

आता डिटेक्टरची जागा. चेंबरवर जोडू नका, टर्बोच्या मागे, फोरलाइनवर (टर्बो आणि रोटरी यांच्यामधल्या नळीवर) जोडा. गेट व्हॉल्व्ह उघडा असताना टर्बो सेकंदाला दीडदोनशे लिटर ओढतो आणि दीड मीटर नळीतून तुमचा डिटेक्टर जेमतेम दोन. म्हणजे हेलियमचा एक टक्का त्याच्या वाट्याला येतो, बाकी रोटरीतून बाहेर जातो. गेट व्हॉल्व्ह बंद केला तर सगळा हेलियम डिटेक्टरला मिळतो खरा, पण वेळ मोजा: ६० लिटर भागिले २, म्हणजे ३० सेकंद. सिग्नल पूर्ण चढायला याच्या तिप्पट, दीड मिनिट, आणि उतरायलाही तेवढंच. तुम्हाला दिसतंय ते हेच.

फोरलाइनवर जोडलं की चेंबर रिकामं करायचं काम टर्बोच करतो. ६० भागिले २०० म्हणजे ०.३ सेकंद. हेलियम लीकमधून आत शिरला की सेकंदाच्या आत डिटेक्टर बोलतो, आणि रोटरीचा व्हॉल्व्ह बंद असेल तर सगळाच्या सगळा हेलियम त्याच्याकडे जातो. फोरलाइनवर टी लावा: एका बाजूला रोटरी, दुसऱ्या बाजूला डिटेक्टर, दोन्हीकडे हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह. आधी दोन्ही उघडे ठेवा. डिटेक्टर स्थिर झाला की रोटरीचा हळूहळू बंद करा. तुमच्या चेंबरचा वायू इतका कमी आहे की डिटेक्टरचा स्वतःचा पंप टर्बोला सहज सांभाळेल.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. बऱ्याच डिटेक्टरांत थांबवा बटण दाबलं की इनलेट आपोआप व्हेंट होतो. तो इनलेट फिरत्या टर्बोच्या मागे असेल तर हवा थेट टर्बोवर आदळते. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप व्हेंट बंद करा, आणि तरीही थांबवायच्या आधी मधला व्हॉल्व्ह हातानं बंद करा.

जुना_फिटर

जागेचं वर आलंच आहे, मी मारायच्या पद्धतीचं लिहितो.

बहुतेक जण हेलियम फार जास्त मारतात. सिलिंडरचा रेग्युलेटर अगदी कमी ठेवा, पुढे बारीक नळी आणि टोकाला टोक घासून बोथट केलेली इंजेक्शनची सुई. सुई ग्लासभर पाण्यात बुडवा: सेकंदाला एक-दोन बुडबुडे आले की पुरे. सलग फसफस होत असेल तर तुम्ही जोड तपासत नाही, खोली भरताय. हेलियमची बचत करायची तर फुटबॉलचं ब्लॅडर भरून घ्या, चिमट्यानं नळी दाबून सोडत राहा. दिवसभर तेवढं पुरतं आणि सिलिंडर खोलीत ओढत न्यावा लागत नाही. नेलाच तर साखळीनं बांधा, आणि खिडक्या बंद असलेल्या लहान खोलीत व्हॉल्व्ह उघडा सोडून जाऊ नका. हेलियमनं गुदमरतो तेव्हा माणसाला आधी काही जाणवत नाही.

पंखा आणि एसी बंद. पुस्तकात लिहितात की हेलियम हलका, म्हणून वरून खाली या. मोठा झोत मारणाऱ्याला ते लागू आहे. सुईतून दोन बुडबुडे मारणाऱ्याला खोलीतल्या वाऱ्याची दिशा जास्त महत्त्वाची. वारा जिकडे जातो तिकडच्या टोकापासून सुरुवात करून वाऱ्याच्या उलट सरका. म्हणजे निसटलेला हेलियम तपासून झालेल्या जोडांकडे जातो.

रोटरीचा आणि डिटेक्टरचा एक्झॉस्ट खिडकीबाहेर काढा. नाहीतर तुम्ही मारलेला हेलियम मागून खोलीत येतो, बॅकग्राउंड (हेलियम न मारताही दिसणारा आकडा) चढत राहतो आणि सगळेच जोड गळके वाटायला लागतात. रोटरीच्या तेलातही हेलियम मुरतो. मोठा झोत घेऊन झाल्यावर गॅस बॅलास्ट (रोटरीत थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) उघडून पंधरावीस मिनिटं चालवा.

सीएफ फ्लँजवर कडेकडेनं फिरवू नका. प्रत्येक फ्लँजच्या कडेला समोरासमोर दोन बारीक खाचा असतात, त्या लीक तपासायलाच ठेवलेल्या. सुई तिथे टेकवा, हेलियम थेट गॅस्केटपर्यंत जातो. सीएफ४० वर एम६ चे सहा बोल्ट असतात. ते क्रमानं वर्तुळात न आवळता समोरासमोर, थोडेथोडे, सगळीकडे फट सारखी राहील असे आवळा. एका बाजूला फ्लँज टेकल्या आणि दुसऱ्या बाजूला कागद जातोय असं असेल तर सुरी (फ्लँजची धारदार कड) तांब्यात तिरकी रुतली आहे. आणखी आवळून ते सुधारत नाही, गॅस्केट बदला. एकदा दाबलेलं गॅस्केट पुन्हा वापरू नका. गॅस्केट बदलताना फ्लँजच्या सुरीवर नखाची पाठ हलकेच फिरवा: आडवी खाच असेल तर नख अडकतं, आणि तीच खाच आतून बाहेरपर्यंत वाट करून देते. ओ-रिंगच्या खोबणीतही तसंच. गोलाकार चरा चालतो, खोबण ओलांडून आरपार गेलेला चालत नाही. दरवाजाच्या रिंगवर कापडाचा एखादा धागा किंवा केस राहिला तरी १०^-५ चा लीक होतो, तो तिरक्या उजेडात दिसतो.

आणि अल्कोहोल मारून गेजचा काटा हलतो का बघायची जुनी पद्धत आहे, ती हेलियमच्या आधी करू नका. द्रव बारीक लीकमध्ये शिरून बसतो आणि तासन् तास तो बंद करून ठेवतो. मग हेलियम तिथून जाणारच नाही आणि तुम्ही चांगला म्हणून पुढे जाल.

पास्कल

दोन गोष्टी जोडतो, दोन्ही अणुरेणूंच्या वेळ वाचवणाऱ्या आहेत.

पहिली. हवेत हेलियम दशलक्षात सुमारे ५.२ भाग असतो. म्हणजे तुमच्या चेंबरमध्ये हवा शिरत असेल तर सुई हातात घ्यायच्या आधीच डिटेक्टर काहीतरी दाखवत असणार. गळतीशोधकांचा ६ × १०^-४ चा अंदाज खरा मानला तर बॅकग्राउंड ३ × १०^-९ च्या आसपास हवा. रोटरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, डिटेक्टरचं शून्य करायचं बटण दाबू नका, नाहीतर हाच आकडा तुम्ही स्वतःच्या हातानं पुसाल. आधी डिटेक्टरचा व्हॉल्व्ह बंद करून त्याचा स्वतःचा बॅकग्राउंड लिहा, मग उघडून चेंबरचा. दोन्हींतला फरक भागिले ५.२ × १०^-६, हा तुमचा हवेचा एकूण लीक. प्रेशरवाढीच्या चाचणीतून आलेल्या आकड्याशी तो जुळला तर बाहेरची हवाच येते आहे हे पक्कं. प्रेशर सरळ रेषेत वाढतंय पण हेलियमचा बॅकग्राउंड फार कमी आहे, असं झालं तर येणारा वायू बाहेरची हवा नाही. तेव्हा नायट्रोजनच्या लाइनचा व्हॉल्व्ह, थंड पाण्याची नळी, नाहीतर आतल्या आत कोंडलेली जागा बघा. आंधळ्या भोकात आटे पाडून बसवलेला स्क्रू, आतून-बाहेरून दोन्हीकडून केलेलं वेल्डिंग, यांच्यामध्ये अडकलेला वायू आठवडाभर झिरपतो आणि बाहेरून कितीही हेलियम मारला तरी सापडत नाही.

दुसरी. सिग्नलच्या उंचीइतकाच त्याचा आकार बघा. खरा लीक सुई लागताच उभा चढतो आणि सुई काढली की तसाच उतरतो. व्हायटनची ओ-रिंग धडधाकट असली तरी हेलियम तिच्या रबरातून आरपार मुरतो: काही मिनिटं काहीच नाही, मग हळूहळू चढ, आणि सुई काढल्यावरही बराच वेळ चढतच राहणं. मोठ्या दरवाजावर हे १०^-८, कधी १०^-७ पर्यंत जातं. तो लीक नाही, रबराचा स्वभाव आहे. दरवाजावर सुई दहा सेकंदांपेक्षा जास्त रोखू नका म्हणजे हा घोळ होत नाही.

कॅलिब्रेशनही सिस्टीम धरून करा. डिटेक्टरच्या आत टेस्ट लीक (ठरावीक वेगानं हेलियम सोडणारा) असतो, पण वेगळा टेस्ट लीक असेल तर तो चेंबरवर, टर्बोपासून सगळ्यात दूरच्या पोर्टला लावा. लेबलवर २ × १०^-७ आहे आणि डिटेक्टर ०.८ × १०^-७ दाखवतोय, तर ६० टक्के हेलियम रोटरी नेतोय, म्हणजे तो व्हॉल्व्ह नीट बंद झालेला नाही. काचेतून हेलियम झिरपणारे टेस्ट लीक तापमानाला दर अंशी साधारण ३ टक्क्यांनी बदलतात. लेबल २३ अंशांचं आणि खोली ३० वर असेल तर वीसेक टक्के जास्त धरा.

अणुरेणू

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे टी लावून डिटेक्टर फोरलाइनवर घेतला, आकडे असे:

गेट व्हॉल्व्ह बंद, पेनिंग बंद: पहिली दहा मिनिटं किंचित वाक, नंतर सरळ रेघ, उतार सेकंदाला ८ × १०^-६ मिलिबार. तासाअखेर पिरानी ३ × १०^-२ च्या जरा खाली.

डिटेक्टरचा स्वतःचा बॅकग्राउंड १०^-११ च्या घरात. चेंबरकडे उघडल्यावर २.२ × १०^-९.

सुईनं तपासताना नव्या हाय करंट फीडथ्रूच्या एका खाचेवर सिग्नल लगेच ६ × १०^-६ पर्यंत चढतो आणि लगेच उतरतो. दरवाजावर सावकाश २ × १०^-८. व्ह्यूपोर्ट, गेजचे केएफ जोड, क्रिस्टल मॉनिटरचा फीडथ्रू, शटरचा फिरता दांडा, सगळं शांत.

म्हणजे फीडथ्रूचं गॅस्केट बदललं की काम झालं, असं समजू का?

पास्कल

नाही, अजून नाही. तुमचेच आकडे एकमेकांशेजारी ठेवा.

८ × १०^-६ गुणिले ६० म्हणजे ४.८ × १०^-४. बॅकग्राउंड २.२ × १०^-९ भागिले ५.२ × १०^-६ म्हणजे ४.२ × १०^-४. दोन अगदी वेगळ्या मार्गांनी जवळजवळ एकच उत्तर आलंय, उरलेला थोडा फरक पाण्याचा. तेव्हा तुमच्या चेंबरमध्ये साध्या हवेचा ४ × १०^-४ चा लीक आहे यात शंका नाही. शिवाय ४.८ × १०^-४ भागिले ३ × १०^-६ करून टर्बोचा खरा वेग १६० निघतो, तोही पटण्यासारखा.

आता फीडथ्रू. शुद्ध हेलियमला तो ६ × १०^-६ देतो. इतक्या बारीक वाटेतून हेलियम हवेच्या २.७ पट वेगानं जातो, म्हणजे हवेचा लीक जेमतेम २ × १०^-६. तुमच्या एकूण लीकच्या अर्धा टक्का. सुई नेमकी न बसल्यामुळे हेलियम पातळ झाला असेल अशी शंका असेल तर त्या जोडाला पॉलिथीनची पिशवी बांधून टेपनं बंद करा, आत अर्धा मिनिट हेलियम सोडा आणि स्थिर झालेला आकडा घ्या. तो दुप्पट-तिप्पट होईल, शंभरपट होणार नाही. गॅस्केट बदललं तरी प्रेशर ३ × १०^-६ च राहील.

पहिला लीक सापडला की शोध थांबवायचा मोह होतो. बेरीज जुळेपर्यंत थांबू नये. मोठा लीक तिथे आहे जिथे तुमची सुई गेलेली नाही. बाहेरची हवा जिथे व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत पोचते अशा जागा आठवा: गेट व्हॉल्व्हचं बॉनेट (झाकण), बेसप्लेटची खालची बाजू, गॅस लाइनचा बंद व्हॉल्व्ह, व्हेंट व्हॉल्व्ह. व्हेंट व्हॉल्व्हच्या बाहेरच्या तोंडाला काय जोडलंय?

अणुरेणू

व्हेंटचं तोंड उघडं आहे. नायट्रोजनची नळी व्हेंट करतानाच लावतो, एरवी काढून ठेवतो. फिल्टर नाही. आत्ता त्या तोंडात सुई घालून दोन सेकंद हेलियम सोडला. सिग्नल ७ × १०^-४ वर गेला आणि डिटेक्टरला परत १०^-८ वर यायला बराच वेळ लागला.

गळतीशोधक

मग बेरीज जुळली. हेलियमचा ७ × १०^-४ आणि हवेचा ४ × १०^-४, गुणोत्तर १.७ च्या आसपास. एवढ्या मोठ्या वाटेतून वायू काहीसा एकसंध झुळकीसारखा जातो आणि तिथे हेलियमचा २.७ पटीचा फायदा पूर्ण मिळत नाही, त्यामुळे हे गुणोत्तर बरोबरच आहे.

व्हेंट व्हॉल्व्ह हा नेहमीचा गुन्हेगार आहे. चेंबर उघडायच्या प्रत्येक वेळी त्याच्यातून जोरात हवा किंवा नायट्रोजन जातो आणि तोंडाजवळची धूळ, नळीतला कचरा, जे काही असेल ते सीटवर येऊन बसतं. बंद केल्यावर रबर त्या कणावर टेकतं. बाहेरून जोडांवर कितीही सुई फिरवली तरी हे कळत नाही, कारण गळतं ते व्हॉल्व्हच्या आत.

खात्री करायची म्हणून बरेच जण त्या तोंडाला आंधळी फ्लँज लावतात आणि प्रेशर उतरायची वाट बघतात. ते उतरत नाही, आणि मग व्हॉल्व्ह निर्दोष ठरवला जातो. गणित सोपं आहे: फ्लँज आणि सीट यांच्यामध्ये २० घन सेंटिमीटर जागा असली तरी त्यात वातावरणाच्या प्रेशरची हवा कोंडलेली असते, म्हणजे २० मिलिबार-लिटर. ४ × १०^-४ च्या वेगानं ती संपायला चौदा तास लागतात. त्याऐवजी ते तोंड एखाद्या रोटरीला जोडून रिकामं करा. काटा लगेच उतरायला लागला पाहिजे.

दुरुस्तीसाठी व्हॉल्व्ह उघडून सीट आणि रबर भिंगाखाली बघा. लिंट न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल घेऊन पुसा, रबरात कण रुतून खळगा पडला असेल तर रबर बदला. व्हॅक्यूम ग्रीस चोपडून झाकू नका, पुढच्या वेळी त्यालाच धूळ चिकटेल. बसवताना बाहेरच्या तोंडाला बारीक छिद्रांचा धातूचा फिल्टर लावा.

जुना_फिटर

फीडथ्रूचं काय करायचं ते राहिलं. हवेचा २ × १०^-६ भागिले १६० म्हणजे चेंबरच्या प्रेशरमध्ये १.३ × १०^-८ ची भर. तुमचं चांगल्या दिवसाचं प्रेशर ४ × १०^-७ आहे, त्यात हे दिसणारही नाही. फक्त एवढ्यासाठी आत्ता चेंबर उघडून पुन्हा पावसाळी हवा आत घेऊ नका. व्हॉल्व्ह चेंबरवरून काढायला व्हेंट करावंच लागणार, त्याच खेपेत गॅस्केट बदला. आधी बोल्ट समोरासमोर थोडे आवळून बघा. फट सगळीकडे सारखी असेल तर कधीकधी तेवढ्यानंच बंद होतं.

तो फीडथ्रू पाण्यानं थंड होणारा असेल तर एक तपासणी वेगळी करा. पाणी बंद करा, नळीतून कोरडी हवा फुंकून पाणी पूर्ण काढा, नळी कोरडी झाली की त्यात हेलियम सोडा. पाणी असताना बारीक लीक पाण्यानंच बुजलेला असतो, हेलियम त्यातून जात नाही, पण पाण्याची वाफ मात्र चेंबरमध्ये येत राहते. आणि करंट देऊन फीडथ्रू तापलेला असतानाही एकदा खाचांवर सुई लावा. सिरॅमिक आणि धातू यांचा जोड थंड असताना घट्ट आणि गरम झाल्यावर गळका, असं होतं. करंट चालू असताना सुई धातूची नको, प्लास्टिकची नळी घ्या.

नीलपक्षी

धागा वाचून विचारते: आमच्या कॉलेजात हेलियमचा डिटेक्टर नाही, आरजीए आहे. वेल्डिंगसाठीचा आर्गॉन सिलिंडरही आहे. त्यावर हे जमेल का?

पास्कल

जमेल, आणि मधल्या आकाराच्या लीकसाठी चांगलं जमेल. आरजीए वस्तुमान ४० वर स्थिर ठेवा, काळानुसार आलेख लावा आणि सुईतून आर्गॉन सोडा. हवेतच आर्गॉन जवळजवळ एक टक्का आहे, म्हणून बॅकग्राउंड हेलियमपेक्षा बराच वर असतो. हवेचा लीक मोठा असेल तर त्या जागेवर शुद्ध आर्गॉन लागताच ४० ची रेघ फार तर शंभरपट चढू शकते. बारीक लीक त्या बॅकग्राउंडमध्ये दिसत नाहीत, म्हणून आधी मोठे बंद करा, मग पुन्हा फिरा.

आर्गॉन हवेपेक्षा जड, खाली साचतो. त्यामुळे वारा नसेल तर तळाकडून सुरुवात करून वर या. बेसप्लेटच्या खालच्या बाजूला मारल्यावर जमिनीलगत साचलेला आर्गॉन पुठ्ठ्यानं हलवून काढा आणि मगच पुढचा जोड घ्या. आरजीएचा फिलामेंट १०^-४ मिलिबारच्या वर चालवू नका. प्रेशर तेवढं खाली येतच नसेल तर पिरानी बघत जोडांवर अल्कोहोल मारून आधी मोठा लीक शोधावा लागेल. आर्गॉनऐवजी हेलियम मिळाला तर त्याच आरजीएवर वस्तुमान ४ लावा. तिथे बॅकग्राउंड फार कमी असतो, आणि टर्बो चालू असल्यामुळे उत्तरही सेकंदाच्या आत येतं. आरजीए चेंबरवर असला तरी इथे चालतो, कारण तो हेलियम ओढून घेत नाही, चेंबरमधलं त्याचं प्रेशर तिथल्या तिथे मोजतो.